पक्षी बघायला पेढे कशाला?

आईने दशम्यांच्या फडक्यात हळूच पेढ्यांचा पुडा सरकवला, तो मी पाहिला आणि माझी खात्रीच पटली. नदीवर पक्षी बघायला निघालेल्या माणसांना पेढे लागत नाहीत. पक्षी पेढे खात नाहीत. पेढे खातात ते पाव्हणे, मुलगी पसंत पडल्यावर, मिशा पुसत. मी मोरीच्या दाराआड उभी राहून हे सगळं पाहत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, वा रे वा, शालनला तुम्ही एवढी बावळट समजलात होय? आता या वयात त्या मोरीआडच्या मुलीकडे वळून बघते तेव्हा तिला सांगावंसं वाटतं, बये, बावळट तर तू होतीसच, फक्त तुला वाटत होतं त्यापेक्षा वेगळ्या कारणाने.

माझ्या संशयाला आधार नव्हता असं कुणी म्हणू नये. माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, गावच्या जत्रेला नेतो म्हणून नेलं होतं. पाळण्यात बसायचं म्हणून ती नटूनथटून गेली, आणि पाळण्याऐवजी तिला मामाच्या ओसरीवर पाच पाव्हण्यांसमोर पाटावर बसवलं. जत्रा तिने नंतर बघितली, ती नवऱ्याच्या मागून चालत. आमच्या साताऱ्याकडच्या माणसांत हे काही विशेष नव्हतं. मुलीला आधी सांगितलं की ती रडते, अडून बसते, चेहरा सुजवून घेते. त्यापेक्षा न सांगता न्यावं, म्हणजे चेहरा ताजा राहतो, असा साधा हिशेब. त्यातून मी दोन स्थळं उधळून लावलेली. एकदा पोह्यांत मिठाऐवजी साखर आणि चहात साखरेऐवजी मीठ घातलं होतं, आणि दुसऱ्यांदा मुलाच्या काकांनी ‘गाता येतं का’ विचारल्यावर आमच्या चाळीत सकाळी भंगारवाला ओरडायचा ती आरोळी हुबेहूब करून दाखवली होती. तेव्हा तिसऱ्या वेळी मला उघड्यावर, नदीकाठी, बेसावध गाठणार हे उघड होतं.

बाविसावं चालू होतं मला. तुर्भ्याला मार्केटच्या मागे आमची दीड खोली होती. तात्या, म्हणजे माझे वडील, कांदा-बटाट्याच्या बाजारात माथाडी होते. ट्रकमधून गोण्या पाठीवर घ्यायच्या आणि गाळ्यात नेऊन थप्पी लावायची, हे काम त्यांनी माझ्या जन्माआधीपासून केलं. खोलीला, अंथरुणाला, आमच्या केसांना कांद्याचा वास असायचा, इतका की बाहेरून आलेल्या माणसाने नाक मुरडल्याशिवाय तो आम्हाला कळायचासुद्धा नाही. पहाटेपासून ट्रक मागे घेताना क्लीनरने मारलेल्या थापा ऐकू यायच्या, आणि ‘येऊ दे, येऊ दे, बास!’ हे माझ्या लहानपणी मला आरतीसारखं पाठ होतं. आई बाजरीच्या भाकऱ्या थापायची. तिची थाप आणि ट्रकवरची थाप यांची लय कधी कधी एक व्हायची. तात्या संध्याकाळी यायचे, डोळे लाल, सारखं पाणी येणारे. त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. कांद्याच्या बाजारातल्या सगळ्याच माणसांचे डोळे लाल असतात.

त्या हिवाळ्यात घरात काहीतरी शिजतंय हे मी आधीच ओळखलं होतं. ग्रंथालयातून रहस्यकथा आणून आणून मी स्वतःला मोठी गुप्तहेर समजायला लागले होते, आणि पुरावे तर समोर पडलेले होते. पहिला पुरावा, तात्यांनी मला रोज संध्याकाळी पेपर मोठ्याने वाचून दाखवायला सांगितलं. आधी ते स्वतः वाचायचे, बोट ठेवून, ओठ हलवत. आता म्हणायचे, “तूच वाच शाले, तुझा आवाज चांगला हाय.” मी ओळखलं, मुलाकडच्यांना वाचणारी मुलगी हवी असणार, ही तालीम चाललीय. दुसरा पुरावा, ते मधूनच मला जवळ बोलवायचे आणि म्हणायचे, “जरा उजेडात ये बघू.” आणि माझ्या तोंडाकडे एवढ्या जवळून बघायचे की मला त्यांच्या मिशीतली तंबाखू हुंगता यायची. बाजारात जनावर बघतात तसं, असं मला वाटायचं. तिसरा, त्यांनी सायकल विकून टाकली. लग्नाची तयारी, दुसरं काय? आणि चौथा, मी खोलीत शिरले की आई आणि तात्या बोलता बोलता गप्प व्हायचे, आणि आई उगाच त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायची, थेट हातात, बोटं मिटवून, लहान मुलाला देतात तसा.

इतके पुरावे हातात आणि निष्कर्ष एकजात चुकीचा. मी पोलिसांत गेले असते तर या जिल्ह्यातले सगळे चोर सुखाने म्हातारे झाले असते.

माझ्याकडेही एक गुपित होतं आणि त्यामुळेच मी एवढी धास्तावले होते. तळोज्याच्या एका कारखान्याच्या ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर म्हणून माझी निवड झाली होती. पत्र आलं तेव्हा घरी मीच होते. येत्या एक तारखेला हजर व्हायचं होतं. ते पत्र मी जुन्या गोधडीची शिवण उसवून आत घातलं आणि परत शिवून टाकलं. घरात तोवर कुठल्याही बाईने नोकरी केली नव्हती. लग्न ठरलं असतं तर ते पत्र त्या गोधडीतच राहिलं असतं, आणि त्या गोधडीवर माझी पोरं झोपली असती. रोज रात्री ती गोधडी पांघरताना कागद करकरायचा, आणि मला वाटायचं आईला ऐकू गेलं.

आणि मग ती बातमी आली. गंमत म्हणजे ती मीच वाचली. आतल्या पानावर तळाला चार ओळी होत्या, पनवेलजवळ गाढी नदीच्या काठी एक दुर्मिळ पक्षी दिसला, काळी पाठ, पांढरं पोट, नारिंगी चोच, आणि खालची चोच वरच्या चोचीपेक्षा लांब. मी पुढच्या बातमीवर गेले तर तात्या म्हणाले, “थांब. पुन्यांदा वाच.” मी वाचली. “खालची लांब म्हटलंय?” “हो.” “नीट बघून वाच, खालची का वरची?” “खालची, तात्या.” त्यांनी मांडीवर थाप मारली. “बघ! सांगत नव्हतो मी?”

ही गोष्ट आम्हाला सगळ्यांना तोंडपाठ होती. तात्या पोरवयात गावाकडे, कृष्णेच्या पात्रात म्हशी धुवायला न्यायचे तेव्हा त्यांनी असा पक्षी पाहिला होता, जो चोच उघडी ठेवून पाण्यावरून उडतो आणि खालच्या चोचीने पाणी चिरत जातो. ती गोष्ट त्यांनी बाजारातल्या माथाड्यांच्या टोळीत सांगितली आणि गेली वीस वर्षं टोळीने त्यांची थट्टा केली. कुणी थापा मारायला लागलं की बाजारात म्हणायचे, “आला बघा तात्याचा पक्षी!” त्यांच्या टोळीचा मुकादम जेवताना मुद्दाम खालचा ओठ पुढे काढून बसायचा. तात्या हसायचे, पण घरी आल्यावर म्हणायचे, “मी बघितलाय तो. डोळ्यांनी बघितलाय.”

“रविवारी जायाचं,” तात्या म्हणाले. “तू आन मी.”

“आणि आई?”

“आईला काय करायचाय पक्षी,” आई चुलीपुढून म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “निळा ड्रेस घाल गं जाताना. आन त्यांचा हात सोडू नको.”

हात सोडू नको! म्हणजे मी पळून जाईन अशी भीती होती तर.

रविवारी सकाळी मी तयारीनिशी उठले. निळा ड्रेस पेटीतच ठेवला आणि गुळाच्या ढेपेच्या रंगाचा, कोपरावर ठिगळ लावलेला ड्रेस चढवला. डोक्यावर एवढं तेल थापलं की ते कानशिलावरून ओघळत होतं. काजळ एका डोळ्यात जास्त, एका डोळ्यात कमी. आणि घरातून निघता निघता एक अख्खा कांदा कच्चा खाल्ला, म्हणजे कुणी बोलायला आलंच तर पहिल्याच वाक्याला मागे सरकेल. कांद्याच्या माथाड्याच्या घरातल्या मुलीने स्थळ पळवायला कांदा खावा, यातला विनोद तेव्हा माझ्या लक्षात आला नाही. आईने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मला वाटलं आता ओरडणार. पण ती एवढंच म्हणाली, “ऱ्हाऊ दे. जा तशीच.” आणि तोंड फिरवलं. हेही संशयास्पदच होतं.

हायवेवर एसटीसाठी उभे राहिलो तर तात्या दर बसला मला विचारायचे, “कुठली हाय? बोर्ड वाच.” बसमध्ये त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तो काढलाच नाही. बेलापूर गेलं, खारघरचे डोंगर गेले, आणि कळंबोलीला तळोज्याकडे रस्ता फुटतो तिथे बस थांबली. मी त्या रस्त्याकडे मान वळवून बघत राहिले. दोन टँकर वळले, मागे धूळ. त्या धुळीपलीकडे माझं टेबल होतं, माझा टेलिफोन होता, आणि मला मात्र तेल चोपडून भलतीकडे नेत होते. आज मी खांदेश्वरला मुलाच्या सोसायटीत सातव्या मजल्यावर राहते, बाल्कनीतून तोच रस्ता दिसतो, उड्डाणपुलाखाली दबलेला, आणि नात विचारते, आजी तू तिकडे काय बघत बसतेस? तिला काय सांगू? एका तेलकट मुलीकडे बघतेय म्हणून?

पनवेलला उतरलो. लोकल तेव्हा इकडे पोचली नव्हती, पूल ओलांडला की भातखाचरं, नुकती कापलेली, आणि त्यांच्या कडेने नदीकडे जाणारा बांध. ओहोटी होती. चिखलाला उन्हाचा वास येत होता. बांधावर तात्या सावकाश चालत होते, पाय चाचपत, माझ्या खांद्यावर भार टाकून. एवढ्या वजनाच्या गोण्या घेऊन फळीवरून ट्रकात चढणारा माणूस बांधावर असा का चालतो, हा प्रश्न कुठल्याही शहाण्या मुलीला पडला असता. मला वाटलं, पाव्हणे अजून पोचले नसतील, म्हणून तात्या वेळ काढतायत.

नदीच्या वळणावर आलो आणि समोर, पलीकडच्या काठाशी पाण्यातून वर आलेल्या वाळूच्या पट्ट्यावर, तो बसला होता. मी स्वतःशीसुद्धा कबूल करायला तयार नव्हते, पण तो होता. काळा-पांढरा, आखूड लाल पायांवर, आणि ती चोच, कुणीतरी अर्धवट रंगवून सोडल्यासारखी. वाऱ्याकडे तोंड करून उभा. मधूनच कण्हल्यासारखा ओरडायचा, दाराबाहेर ठेवलेल्या कुत्र्याच्या पिल्लासारखा. तात्या थांबले. पाण्याकडे तोंड करून, ताठ.

“हाय का गं?”

मी क्षणभर विचार केला. पक्षी दिसला म्हटलं तर बसायचं, दशम्या सोडायच्या, आणि तेवढ्यात पाव्हणे हजर. नाही म्हटलं तर परतीची बस.

“काही नाही, तात्या. गेला असेल उडून. चला, ऊन व्हायच्या आत जाऊ.”

त्यांचं तोंड अगदी पक्ष्याच्या दिशेला होतं, आणि तो पुन्हा एकदा ओरडला. तात्या म्हणाले, “बरं. बसूया की जरा. दशमी खाऊ.”

आम्ही बसलो. मी दशमी तोडली, लसणाची चटणी त्यांच्या हातावर ठेवली, आणि पेढ्यांच्या पुड्याकडे रागाने बघत राहिले. तेवढ्यात खालच्या चिखलातून एक म्हातारी वर आली. कासोटा वर खोचलेला, गुडघ्यापर्यंत चिखल, कमरेला टोपली आणि टोपलीत निवट्या, चिखलातले ते मासे, अजून उड्या मारत होते. ती सरळ आमच्यासमोर येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघू लागली.

“कोन हाव तुमी? कुठून आलाव?”

“तुर्भ्याहून,” तात्या म्हणाले.

“ही पोर तुजी? लगीन झालाय का हिचा?”

आजेसासू! मुलाची आजी पुढे पाठवली टेहळणीला. मी ताबडतोब तोंड वाकडं केलं आणि जमेल तेवढा कांद्याचा श्वास तिच्या दिशेने सोडला. ती तसूभरही हलली नाही. निवट्यांच्या टोपलीपुढे माझा कांदा काय टिकणार?

“न्हाय झालं अजून,” तात्या म्हणाले.

“मंग काय मोजाला आलाव?”

“मोजायला?”

“आमाला येड्यात नको काडू, बाबा,” म्हातारी म्हणाली. “आदी पन असंच आलं व्हतं. एक बाप्या, एक बाई, दुर्बीन लावून बसलं. इचारलं तर सांगतान, आमी पाखरं बगतो. मंग दुसऱ्या साली खुंट्या ठोकल्या नी शेत गेला. आज पन तिकडं झाडाखाली एक दुर्बीनवाला बसलाय. तुमी त्याचंच मानूस ना?”

आता हसू येतं. त्या बांधावर तिघं माणसं होतो आणि त्यातल्या आम्हा दोघींना वाटत होतं की समोरचा आपलं काहीतरी मोजायला आलाय. तिला वाटत होतं जमीन, मला वाटत होतं मी. तिची भीती निदान एकदा खरी झाली होती.

“आजी, मी माथाडी हाय,” तात्या शांतपणे म्हणाले आणि हात पुढे केले. “ह्यो हात बघ. ह्या हाताचा माणूस जमीन मोजतो का?” म्हातारीने खरंच हात बघितला. गोणीच्या आकड्याने पडलेले वण, तळव्याची जाड कातडी. तिने त्यावर बोट फिरवलं. मग माझ्या बाजूला बसली आणि म्हणाली, “एक पेडा दे.” पुडा तिला दिसला होता. म्हणजे पेढे पहिल्यांदा तिने खाल्ले, आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होते की आता ‘मुलगी पसंत’ म्हणते की काय.

तेवढ्यात झाडाखालचा तो माणूस आला. तिशीचा, डोक्याला टोपी, गळ्यात दुर्बीण, हातात वही, आणि हसरा. हसरा हे सगळ्यात वाईट. मुलगी बघायला येणारे सगळे पहिल्या पाच मिनिटांत असेच हसतात.

“नमस्कार! पेपर वाचून आलात ना? नशीबवान आहात,” तो तात्यांना म्हणाला. “मी तीन रविवार फुकट घालवले, आणि तुम्ही आलात तर हा तासभर समोरून हलत नाहीये. पाणचिरा म्हणतात याला. दिसला ना?”

तात्यांनी माझ्या दिशेने तोंड वळवलं. मघाशी मी काय सांगितलं होतं ते आमच्या दोघांमध्ये हवेत लटकत होतं. त्याने दुर्बीण गळ्यातून काढून माझ्यापुढे धरली. “घ्या ना, यातून बघा.”

एका दगडात दोन पक्षी मारण्याची ती वेळ होती आणि माझ्या डोक्यात तो दगड आपोआप आला. मी डोळे तिरळे केले, जितके होतील तितके, आणि मोठ्याने म्हणाले, “मला नाही दिसत. माझे डोळे अधू आहेत. लहानपणापासून. दिवसेंदिवस कमीच होतंय. डॉक्टर म्हणाले, काही उपाय नाही.”

तो बिचारा गोंधळला. दुर्बीण तशीच हातात. मी मनातल्या मनात विजयाची गुढी उभारत होते, एवढ्यात तात्यांच्या हातातली दशमी खाली पडली.

“शाले,” ते म्हणाले. “तुला बी?”

दोनच शब्द होते. ते दोन शब्द मी आजवर किती वेळा ऐकले असतील त्याची गणती नाही. त्यांचा हात माझा चेहरा शोधत आला, आधी हवेत, मग माझ्या कानावर, मग गालावर, आणि तेलाने घसरला. आणि तेव्हा, अगदी तेव्हा, मला सगळं एकदम दिसलं. पेपर, उजेड, सायकल, थेट हातात दिलेला तांब्या. बसचे बोर्ड. खांद्यावरचा हात. त्यांच्या बुबुळांत, इतक्या जवळून, पहाटेच्या धुक्यासारखं काहीतरी पांढरं होतं आणि मी दीड महिना त्या डोळ्यांकडे बघून फक्त माझाच विचार केला होता.

“नाही, तात्या!” मी ओरडले. “मला दिसतं. चांगलं दिसतं. मी खोटं बोलले.”

“नक्की?”

“आईची शपथ.”

“मग सांग,” ते म्हणाले. “काय दिसतंय सांग. हाय का तो?”

मी सांगू लागले. वाळूचा पट्टा आहे, त्याच्या टोकाला बसलाय. पाठ काळी, पोट पांढरं. डोक्याला काळी टोपी. पाय लाल, एवढेसे. ते प्रत्येक गोष्टीला ‘हं’ म्हणत होते, आणि मला कळत होतं की ते पक्ष्याची नाही, माझ्या डोळ्यांची परीक्षा घेतायत. मग तो उडाला. पाण्याला पोट लागेल इतका खाली आला, चोच उघडली आणि पाण्यावरून सरळ रेघ ओढत आमच्या समोरून गेला. कात्रीने नवं कापड कापावं तशी. मी सांगितलं.

“कुठली चोच पाण्यात हाय?”

“खालची.”

“खालचीच ना?”

“खालचीच, तात्या. वरच्यापेक्षा लांब आहे.”

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. म्हातारीने त्यांना पाणी दिलं. “गपचूप कशापायी रडतंस, बाबा,” ती म्हणाली, “पाखरूच हाय ना?” तात्या म्हणाले, कांद्यानं येतंय पाणी. आणि त्यांनी सांगितलं, चार-पाच महिन्यांपासून सगळं चुना कालवलेल्या पाण्यातून बघितल्यासारखं दिसतंय. बाजारात पुढच्या गड्याच्या पाठीला धरून चालायचं, पावलं मोजून थप्पीपर्यंत जायचं. टोळीला कळलं तर माथाडीचा बिल्ला जाईल, काम सुटेल, म्हणून आईशिवाय कुणाला सांगितलं नाही. “पेपरात आलं तवा वाटलं, अजून थोडं दिसतंय तवर जाऊन यावं. न्हाय दिसलं तर तू बघशील, आन मला सांगशील. साक्षीला तू हाईस.”

मी गोधडीतलं पत्र सांगितलं. तो क्षण त्यासाठी होता की नाही मला माहीत नाही, पण माझ्याजवळ त्यांना द्यायला दुसरं काही नव्हतं. तात्या म्हणाले, “तळोज्याला बस कुठली जाते?” एवढंच. आणि नोकरीचा निर्णय झाला.

वाचणाऱ्यांनी उगाच पुढे पळू नये: त्या दुर्बीणवाल्याशी माझं लग्न झालं नाही. त्याचं आधीच झालेलं होतं. त्याची बायको पलीकडे झाडाखाली डबा उघडून बसली होती, आणि माझ्या अधू डोळ्यांची करुण कहाणी लांबून अर्धीच ऐकून तिने मला बळेच दोन थालीपिठं वाढली. मी ती खाल्ली. लाजेने माणसाची भूक जाते म्हणतात, माझी नाही गेली. डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ताही त्यानेच वहीतलं पान फाडून दिला. मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झालं. तात्या पुन्हा बोट ठेवून पेपर वाचू लागले.

पेढ्यांचंही सांगते. येताना आम्ही खांदेश्वरला उतरलो, तिथे तेव्हा महादेवाचं देऊळ आणि तळं याखेरीज फारसं काही नव्हतं. आईने नवस बोलला होता, त्यांच्या डोळ्यांसाठी. म्हातारीने खाल्लेला सोडून बाकीचे पेढे पिंडीपुढे ठेवले. आई घरी दारातच उभी होती. तिने आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघितलं आणि तात्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

सोमवारी तात्यांनी टोळीला सांगितलं, बघितला. मुकादम म्हणाला, साक्ष कोण? तात्या म्हणाले, माझी पोर. त्यावर मुकादम म्हणाला, मग झालं, थापाड्याची पोर थापाडीच. तात्या आनंदाने घरी येऊन ते सांगत होते. ‘तात्याचा पक्षी’ हे पुढेही चालूच राहिलं, ते निवृत्त झाले त्या दिवसापर्यंत.

शेवटच्या वर्षी ते माझ्याकडे होते, इथेच, खांदेश्वरला. ज्या बाल्कनीत मी आता बसते तिथे बसायचे. एकदा मी चहा घेऊन गेले तर एकदम म्हणाले, “शाले, तवा तू ‘काही नाही’ म्हणालीस ना, मला ठावं होतं तू खोटं बोलतीयास. पाखरू समोर वरडत होतं. कान चांगले होते माझे.”

“मग बोलला का नाहीत?”

“म्हटलं, असंल पोरीचं काहीतरी कारण. दशमी खाऊन सांगंल.” त्यांनी चहा बशीत ओतला, अगदी काठापर्यंत, न सांडता. “पण मग तू म्हणालीस, डोळे अधू हायत. तवा मात्र मी नुसतं येवढंच म्हटलं, देवा, माझी पोरगी खोटारडी निघू दे.”